पंधरा नव्या पैशांचं तिकीट

झाशीतल्या जुन्या मराठी घरांत वडीलधाऱ्यांपाशी बसलं की दोन विषय हमखास निघतात. एक बाईसाहेबांचा, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंचा, दुसरा हिवतापाचा. झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या काळात इकडे आलेल्या घराण्यांपैकी आमचं एक. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली राणीचं लग्न लागलं, तिथे भाद्रपदात आम्ही अजून आरतीला जमतो, आणि प्रसाद वाटून झाला की कोणीतरी म्हणतंच, ‘पाऊस सरला, आता थंडीतापाचे दिवस.’ लक्ष्मी ताल आणि आंतिया ताल यांनी या गावाला पाणी दिलं, तसे डासही दिले.

आमच्या घरात या तापाची गोष्ट पोस्टापासून सुरू होते. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. झाशी मोठं जंक्शन. मुंबई, दिल्ली, कानपूरच्या पिशव्या रात्रभर त्यांच्या हाताखालून जायच्या. ते सांगत की त्यांच्या वडिलांच्या लहानपणी कोयनेल, म्हणजे क्विनीन, पोस्टातून आणलं जाई. यात तिखटमीठ काही नाही. १८९२ साली बंगालात सरकारी सिंकोना मळ्यांमधल्या कोयनेलच्या पुड्या पोस्टातून विकायला सुरुवात झाली आणि पुढे इतर प्रांतांनीही ती पद्धत उचलली. पैशाला एक पुडी. पणजोबांना ती गुळाच्या खड्यात दडवून देत. गूळ आधी विरघळे आणि कडू तोंडात उरे, मग दिवसभर कानांत घूं घूं आवाज. ताप मात्र उतरे. डॉक्टर लांब आणि त्याची फी त्याहून लांब, अशा काळात पोस्टमनच्या पिशवीतून औषध यावं, ही मला इंग्रजी राजवटीतली फार मोठी गोष्ट वाटते.

मोठी अशासाठी की त्याच दशकात सरकार वेगळ्या रूपातही दारात येत होतं. पुण्यात १८९७ साली प्लेगच्या तपासणीला गोरे सोल्जर घरांत घुसले आणि त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला. आमच्या बाजूला कानपुरात एप्रिल १९०० मध्ये प्लेगच्या छावणीवरून दंगल उसळली. पणजीची आठवण अशी की प्लेग आला म्हणून सगळा वाडा गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेला होता. सरकारी माणूस दिसला की तिची आई मुलांना कणगीमागे लपवी, पण तोच डाकिया आला तर त्याला सावलीत बसवून पाणी देई. सरकार एकच, पण एकाच्या हातात फर्मान आणि दुसऱ्याच्या हातात माहेरचं पत्र. सार्वजनिक आरोग्याचं सगळं काम शेवटी या फरकावर उभं राहतं, असं मला वाटतं.

लस टोचण्याविषयी तर किती अफवा होत्या! प्लेगची लस शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला, नोकरी गेली, आणि निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. त्यांच्या नावाचं तिकीट भारतानं १९६४ मध्ये काढलं. अण्णांनी ते पाकिटावरून पाण्यात भिजवून, उकलून, वहीत चिकटवलं होतं आणि खाली पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं: ‘यांनी आधी स्वतःला टोचली.’

त्या वहीचं पहिलं पान अर्थातच राणीचं. १५ ऑगस्ट १९५७ ला, १८५७ च्या उठावाच्या शताब्दीला, पंधरा नव्या पैशांच्या तिकिटावर घोड्यावरची राणी आली. नवे पैसे त्याच एप्रिलात सुरू झालेले. माई, माझी आजी, सांगे की त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांनी पुणे-सागर-ग्वाल्हेरच्या नातेवाइकांना पत्रं टाकली, लिहिण्यासारखं काही असो नसो. त्याच वहीत दोन पानं पुढे पंधरा नव्या पैशांचंच आणखी एक तिकीट आहे: मलेरिया निर्मूलनाचं, ७ एप्रिल १९६२. जागतिक आरोग्य दिनाच्या त्या मोहिमेत शंभराहून अधिक देशांनी मलेरियाविरोधी तिकिटं काढली होती.

तेव्हा साध्या पाकिटाला पंधरा नव्या पैशांचंच तिकीट लागे, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे. त्या तिकिटावरचा डास श्रीमंताच्या अल्बमसाठी नव्हता; मुलीच्या खुशालीच्या पत्रावर बसून तो घरोघर गेला. त्याच दिवसांत फवारणीवाले येत. माई देव्हाऱ्यावर धूतवस्त्र झाकी, लोणच्याच्या बरण्या अंगणात काढी, आणि डीडीटीचा पांढरा थर भिंतीवर पुढे कित्येक आठवडे दिसे. दाराशेजारी आलेल्या दिवसाची तारीख लिहून माणूस जाई, आणि घरात कोणाला ताप असेल तर बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेई. माई त्याला नकार देत नसे. ‘पाकिटावरच्या डासाचा माणूस आला,’ असं ती म्हणे.

स्वातंत्र्याच्या सुमाराला देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत. १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या घरात आले. मग ढिलाई झाली, डासांनी डीडीटीला दाद देणं सोडलं, आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला.

झाशीकरांना या काळाचा अभिमान आणखी एका कारणानं आहे. मलेरियाचं ते तिकीट निघालं त्याच महिन्यात आमच्या खासदार डॉ. सुशीला नायर देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या. गांधीजींच्या डॉक्टर, आणि आयुष्यभर सेवाग्रामशी बांधलेल्या. झाशीला महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज १९६८ मध्ये सुरू झालं आणि लगेच १९६९ मध्ये त्यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. वर्धा आणि झाशी अशी जोडली गेली, याचं आमच्या घरी फार कौतुक होई.

क्षयाचं मात्र कोणी बोलत नसे. अण्णांचे एक चुलतभाऊ नैनितालजवळच्या भोवालीच्या सॅनिटोरियमला होते. पत्रांत सगळीकडे ‘हवापालटाला गेलेत’ एवढंच. अशा घरात माझी आत्या शाळेतून टी.बी. सील घेऊन आली. ही टपालतिकिटं नव्हेत. त्यांनी टपाल जात नाही. १९०४ मध्ये डेन्मार्कच्या एका पोस्टातल्या माणसानं, आयनार होल्बोल यांनी, नाताळच्या पत्रांवर लावायला ती काढली आणि जमलेला पैसा आजारी मुलांसाठी दिला. आपल्याकडे टी.बी. असोसिएशननं १९५० पासून ही मोहीम चालवली. आत्यानं ती सील, दोन आडव्या रेघांच्या लाल क्रुसाची, घरातल्या प्रत्येक पाकिटावर तिकिटाशेजारी लावली. कोणी ओरडलं नाही. भोवालीला जाणाऱ्या पत्रावर पहिल्यांदा अण्णांनी स्वतःच्या हातानं सील लावलं, आणि त्यानंतर घरात त्या आजाराचं नाव घेतलं जाऊ लागलं.

विशेष तिकिटांपेक्षा मला १९६७ चं कुटुंब नियोजनाचं पाच पैशांचं तिकीट मोठं वाटतं. ना कोणाची जयंती, ना समारंभ. कमी पडलेले पैसे भरायला लोक ते लावत, आणि वर्षानुवर्षं ते देशभर फिरत राहिलं. कोव्हिड लशीचं तिकीट १६ जानेवारी २०२२ ला निघालं. मला ते मोठ्या पोस्टातल्या संग्राहकांच्या खिडकीवर मिळालं. दारात आलेल्या एकाही पाकिटावर दिसलं नाही. संग्राहकांवर माझा राग नाही, मीही अण्णांची वही पुढे चालवते. पण आरोग्याचं तिकीट अल्बमसाठी छापणं म्हणजे कोयनेलची पुडी कपाटात ठेवणं. पोस्ट खात्यानं रोजच्या वापराच्या किमतींत क्षयाचं, हिवतापाचं, लसीकरणाचं तिकीट काढावं आणि ते खेड्यातल्या शाखा पोस्टातही मिळावं. आणि तोवर तुम्ही राखीचं पाकीट टाकायला जाल तेव्हा खिडकीवर विशेष तिकीट मागून घ्या, आणि ते पाकिटावरच लावा.