कामाठीबागेतली संध्याकाळ

ज्येष्ठातला उकाडा, मुलांची सुट्टी संपत आलेली. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपून आम्ही कामाठीबाग गाठायचो. मुलांना छोटी आगगाडी, आम्हांला मोकळी हवा! सासूबाई मात्र पदर सावरत बाकाच्या अगदी कडेला बसायच्या.

बडोद्याची ही बाग १८७९ सालची. महाराणी चिमणाबाईंनी १९११ मध्ये स्त्रियांच्या स्थितीवरच्या पुस्तकाच्या लेखनात भाग घेतला. १९१४ मध्ये त्यांनी स्वतः पडदा सोडला. म्हणजे बागेचं फाटक उघडल्यावर राजवाड्यातला पडदा सरायला पस्तीस वर्षं लागली! १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

आता मी बाकावर ऐसपैस बसते. तरी परवा सून निघाली, तर तोंडून गेलंच, “कुणाबरोबर?” लगेच जीभ चावली. बायांनो, पडदा असा शब्दांतही लपतो.