शालूची कुळकथा

काशीतल्या राजा घाटाचं जुनं नाव अमृतराव घाट. अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. 1802 च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत दुसऱ्या बाजीरावाचा धुव्वा उडवला, तेव्हा पुण्याचा कारभार काही महिने अमृतरावांकडे आला. पुढच्याच वर्षी सालाना 7 लाखांच्या तनख्यावर इंग्रजांशी बोलणी पुरी करून ते उत्तरेकडे गेले. कर्वीला राहिले, काशीला दगडी घाट आणि देवळं बांधली. बाजीरावाचा भाऊ चिमाजी अप्पाही काशीवासी झाला. त्याच्या पदरी मोरोपंत तांबे होते, आणि मोरोपंतांची मुलगी मनकर्णिका पुढे झाशीची राणी झाली. अशी मराठी घरं ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा घाट या बाजूला नांदली. मुली उजवल्या जात होत्या, सुना घरात येत होत्या, आणि लग्नाचं कापड विणणारे माग मदनपुरा आणि अलईपुरा या विणकरवस्त्यांत, त्याच शहरात, चालू होते.

त्या मागांवर निघणाऱ्या वस्त्राला मराठी माणूस शालू म्हणतो. बनारसचा विणकर सहसा तसं म्हणत नाही. त्याच्या तोंडी कतान, तनछोई, किमखाब अशी जातीवार नावं असतात. दुकानात कुणी ‘शालू दाखवा’ म्हणालं, की गिऱ्हाईक दख्खनेतलं हे गादीवरच्या माणसाला कळतं. मग हे नाव आलं कुठून? शाल या फारसी शब्दाशी त्याचं नातं लावण्याचा मोह होतो, पण मला दुसरा धागा जास्त बळकट वाटतो. हिंदी आणि पंजाबीत ‘सालू’ म्हणजे लाल कापड. पंजाबात तर नवरीची लाल ओढणी. 1886 साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या इंग्रजी कोशातही हा शब्द तांबड्या सुती कापडासाठी नोंदलेला आहे. माझा कयास असा, की उत्तरेत नवरीच्या लाल वस्त्राचं जे साधं नाव होतं, ते आपण उचललं आणि भरजरी रेशमाला चिकटवलं. आता हिरवा शालू म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही.

आपल्या लग्नातलं त्याचं स्थानही मजेचं आहे. पुष्कळ घरांत अंतरपाटापुढे नवरी उभी राहते ती पिवळ्या अष्टपुत्रीत, बहुधा मामाकडच्या. शालू येतो सासरकडून, आणि मंगलाष्टकं संपल्यावर अंगावर चढतो. शास्त्रानं मागितलेलं वस्त्र पिवळं, शालू हौसेचा. तरी वर्षानुवर्षं जपला जातो तो शालूच. याचं कारण जरीत आहे.

खरी जर म्हणजे चांदीची बारीक तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळायची आणि तिला सोन्याचा मुलामा द्यायचा. हा कलाबतू. सोनेरी आणि रुपेरी जर एकाच नक्षीत वापरली की गंगाजमनी. अशा शालूत किती तोळे चांदी आहे याचा हिशोब घरातल्या बायकांना पाठ असे, आणि हाच हिशोब शालूच्या जिवावर उठला. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. तिच्यामागून जुनी जर घेणारा यायचा. तो काठ-पदर कसाला लावून तोलायचा. पुढं ते कापड जाळून राखेतून चांदी गाळत. जुने शालू आज इतके दुर्मीळ का, याचं सगळ्यात मोठं उत्तर कसरीत किंवा वाळवीत सापडत नाही, या भट्टीत सापडतं. अडीनडीला शालू मोडणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. दागिना मोडावा तसा तिनं तो मोडला.

जे भट्टीतून वाचले, ते कात्रीनं कापले. नऊवारी मागे पडून सहावारी आली, तेव्हा आजीच्या शालूतून 6 वार सुनेला गेले आणि उरलेल्या 3 वारांत नातीचं परकर-पोलकं, बाळाचं टोपडं, देवाचं आसन, पोथीचा रुमाल. चिंधीसुद्धा वाया गेली नाही. जुनं कापड शोधून, दुरुस्त करून, पुन्हा मिरवण्याला आता शहरांत विंटेज म्हणतात आणि त्याचे पैसे वाढवून घेतात. घ्यावेत. पण ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिची स्वतःची भाषा आहे.

लुगडं आधी विरतं ते मधोमध, बसण्याच्या जागी. तेवढा भाग कापून दोन धड टोकं एकमेकांना शिवणं म्हणजे दंड घालणं. नऊवारीत तो शिवणीचा दंड निऱ्यांत किंवा काष्ट्यात लपायचा. मात्र सोवळ्याला शिवलेलं वस्त्र चालत नाही, त्यामुळे दंडाचं लुगडं कामाचं राही, पूजेचं नव्हे. ठिगळ त्याहून खालचं. शालूला यातलं काहीच शोभत नाही. त्याला लागतो रफू.

रफू हा फारसी शब्द. रफूगार सुईनं शिवत नाही, विणतो. त्याच कापडाच्या कडेचा किंवा आत दुमडलेल्या टोकाचा धागा ओढून काढतो आणि तुटलेला ताणा-बाणा एकेक करून भरतो. चांगला रफू हाताला लागतो, डोळ्याला दिसत नाही. या कामात नाव आहे ते बिजनौर जिल्ह्यातल्या नजीबाबादच्या रफूगारांचं. काश्मिरी शाली दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा. वस्त्रकलाकार प्रिया रविश मेहरा यांनी आयुष्याची बरीच वर्षं त्यांच्या कामाची दखल घेण्यात घालवली. मराठी वाचकाला गावाचं नाव वाचून वेगळंच आठवेल: पानिपतावरच्या नजीबखानानं वसवलेलं हे गाव. इथला पत्थरगड मराठ्यांनी 1772 मध्ये लुटला होता.

रफूलाही मर्यादा आहेत. शालू जिथं घडी पडते तिथंच फाटतो, कारण धातूची तार रेशमापेक्षा कठीण असते आणि रोज त्याच रेषेवर दाबली गेली की रेशीम कापत जाते. सगळा ताणाच विरला, तर सुई धरणार कशाला? आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावणार, तीच गत. मग कारागीर काठ आणि पदर अलगद उतरवून नव्या रेशमावर बसवतात. काही संग्राहकांना ही भेसळ वाटते. मला वाटत नाही. काठ-पदर जगला तर विणकराची नक्षी जगली.

मराठीत नवी साडी पहिल्यांदा नेसण्याला घडी मोडणं म्हणतात, आणि कित्येक घरांत ही घडी आधी जवळच्या कुणालातरी मोडायला देतात. जुन्या शालूची घडी मात्र दर चार-सहा महिन्यांनी मोडावी लागते. त्याच रेषेवर पुन्हा घालायची नाही. धुतलेल्या मलमलीत गुंडाळावा. डांबराच्या गोळ्या आणि लोखंडी हँगर जरीला लागू देऊ नये. सेंट फवारायचं असेल तर नेसण्याआधी, अंगावर. नेसून आल्यावर घाम सावलीत वाळू द्यावा, मगच घडी.

तुमच्याही घरात जुन्या शालूची एखादी पेटी असेल. या दिवाळीला ती उघडा. जर खरी आहे का हे सोनाराकडून कळेलच, पण त्याच्या आधी शालू एखाद्या रफूगाराला दाखवा.