सेकंड-हँड वस्तूला वॉरंटी लागू होते का? ब्रिटनचा कायदा काय सांगतो

कॅमडेन लॉकचा बाजार १९७४ मध्ये मोजक्या गाळ्यांनिशी सुरू झाला. आज या परिसरात जुनी जाकिटे, कॅमेरे, ग्रामोफोनच्या तबकड्या असे बरेच काही मिळते; शेजारच्या ब्लूम्सबरीत शिकायला आलेले आपले विद्यार्थी लॅपटॉपही जुनाच शोधतात. अशी वस्तू बिघडली की विचारणा होते ती वॉरंटीची. वस्तुतः तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की विकणारा कोण होता?

विक्रेता व्यापारी असेल, तर १ ऑक्टोबर २०१५ पासून अमलात आलेला ग्राहक हक्क कायदा जुन्या मालालाही लागू होतो. वस्तू समाधानकारक दर्जाची, कामास योग्य आणि वर्णनाबरहुकूम असली पाहिजे. मात्र दर्जा ठरविताना किंमत आणि वय विचारात घेतले जाते आणि खरेदीपूर्वी दाखवून दिलेल्या दोषाबद्दल तक्रार चालत नाही. दोष मुळातच होता हे दाखविता आले, तर ३० दिवसांत वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची किंवा वस्तू बदलून देण्याची एक संधी द्यावी लागते. या टप्प्यावर ६ महिन्यांपर्यंत दोष आधीपासून होता असे गृहीत धरले जाते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे विक्रेत्यावर असते. पुढे ते ग्राहकाकडे येते. ‘आहे तसे विकले’ ही गाळ्यावरची पाटी हे हक्क हिरावू शकत नाही. म्हणूनच गाळेवाल्याकडे नाव-पत्त्यासह पावती मागण्यात संकोच कसला? प्रत्यक्ष हजर राहता येईल अशा जाहीर लिलावातील जुन्या मालाला मात्र यांतील बहुतेक संरक्षण नाही.

खाजगी व्यक्तीकडून घेतलेल्या वस्तूला १९७९ चा मालविक्री कायदा लागू होतो. वस्तू वर्णनाप्रमाणे हवी आणि ती विकण्याचा अधिकार विकणाऱ्याला हवा, एवढेच. दर्जाची हमी नाही. ‘बॅटरी नवी आहे’ असा विक्रेत्याचा संदेश त्यामुळे जपून ठेवावा.

उत्पादकाची वॉरंटी हे याहून निराळे, स्वेच्छेने दिलेले वचन आहे. ती दुसऱ्या मालकाकडे जाते की नाही, हे तिच्या अटींवर ठरते. मुदत बहुधा मूळ खरेदीपासून मोजली जाते. म्हणून पहिल्या मालकाची पावती मागून घ्यावी. किआची ७ वर्षांची वॉरंटी गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते, पण देखभाल ठरल्याप्रमाणे झालेली असावी लागते. वस्तू पुढे पुण्याला आई-वडिलांकडे पाठवायची असेल, तर वॉरंटी ब्रिटनपुरतीच आहे का, तेही आधी पाहावे.

व्यापाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूची किंमत १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल व पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील, तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. विक्रेता दाद देत नसेल, तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक मदतवाहिनीकडे जावे. गरजेनुसार तेथून तक्रार कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागाकडे पाठविली जाते.