डांबरगोळी आणि तान्ह्याचे रक्त

लोखंड उघड्यावर ठेवले की गंजते, हे पिंपरी-चिंचवडच्या कामगारास कोणी शिकवावयास नको. परंतु माणसाच्या रक्तातही लोह आहे, आणि ज्या प्राणवायूवर आपण जगतो तोच त्या रक्तास झिजवीत असतो, ही गोष्ट वैद्यकास फार उशिरा उमगली. ती कशी उमगली याची हकिकत आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. कारण तिचा संबंध आपल्या घरातल्या पाळण्याशी आहे.

पोटातले मूल थोड्या प्राणवायूवर वाढते. जन्मताच पहिल्या श्वासाबरोबर त्याच्या रक्तातला प्राणवायू कितीतरी वाढतो. हा भार वाहणारी तांबडी पेशी म्हणजे एक विलक्षण कामगारच. तिला केंद्रक नसते. म्हणून बिघडलेले हत्यार तिला नव्याने घडविता येत नाही. प्रौढ माणसात ती सुमारे १२० दिवस टिकते, तान्ह्यात त्याहून कमी. तिचे रक्षण ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य करते, आणि ते ताजे ठेवण्याचे काम ज्या विकरावर अवलंबून असते त्यास डॉक्टर जी-सिक्स-पीडी म्हणतात.

बाहेरून येणारा धोका प्रथम दिसला तो लंडनमध्ये. १८८६ साली तेथे काही नवजात मुले निळी पडली. कारण निघाले दुपट्यांवर खुणेसाठी मारलेल्या शिक्क्याची ॲनिलीनची शाई! कोवळ्या त्वचेतून ती आत गेली आणि रक्तातले लोह प्राणवायू वाहण्यास निकामी झाले. ॲनिलीनच्या कारखान्यांत कामगारांचे ओठ निळे पडत, ते याच कारणाने.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला. त्याच दशकात अमेरिकेत प्रायमाक्विन या मलेरियावरील औषधाच्या चाचण्या तुरुंगातल्या कैद्यांवर चालल्या होत्या. एकास गुण देणारे औषध दुसऱ्याचे रक्त का फोडते, याचा शोध घेता १९५६ साली जी-सिक्स-पीडीची उणीव सापडली. हे ज्ञान बंदिवानांच्या अंगावरून मिळाले आहे, हे आम्ही विसरू नये.

पाठोपाठ डांबरगोळी पकडली गेली. १९६३ साली ग्रीसमधील डॉक्टरांनी नॅप्थलीनच्या वाफेने रक्त फुटलेल्या २१ नवजात बालकांची माहिती प्रसिद्ध केली. पुष्कळांत ती उणीव होती, परंतु सर्वांत नव्हती. त्याच वर्षी मुंबईत डॉ. एल. डी. संघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी समाजातील या उणिवेचा अभ्यास मांडला. पुढे महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींतही ती आढळली. जेथे मलेरिया माजला तेथे ही उणीवच माणसास थोडे संरक्षण देत आली, म्हणून ती टिकली. ती आईकडून मुलाकडे येते, आणि मुलींपेक्षा मुलग्यांना तिची झळ अधिक लागते. यात आईचा दोष तो काय?

आता आपल्या घरात पाहू. चाकण-भोसरीच्या भाड्याच्या खोल्यांतून आम्ही हिंडतो. विदर्भ-मराठवाड्याहून आलेल्या जोडप्याची एक पत्र्याची पेटी असते. तीत थोरल्याची अंगडी-टोपडी डांबरगोळ्या घालून जपलेली असतात, आणि धाकटा जन्मला की तीच मायेने त्याच्या अंगावर चढतात. पेशी फुटल्या की त्यांतून पिवळे द्रव्य निघते. कोवळ्या यकृतास ते निपटत नाही. ते मेंदूत उतरले तर मूल दगावते, नाहीतर जन्माचे बहिरे व अपंग होते. नवजात मुलांची बहुतेक कावीळ साधी असते, हे खरे. पण कोणती साधी आणि कोणती घातकी, हे डोळ्यांनी ठरत नाही, रक्त तपासूनच ठरते.

उपाय मात्र महाग नाही. इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड या परिचारिकेच्या ध्यानात आले की, उन्हात ठेवलेल्या मुलाची पिवळी झाक उघड्या अंगावर उतरते. त्या निरीक्षणातून १९५८ साली प्रकाशोपचाराचा लेख निघाला. आज ते दिवे आपल्या शहरातही आहेत. मूल त्यांच्याखाली वेळेवर पोहोचते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

आणि तो प्रश्न पगाराचा आहे. कावीळ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते. कंत्राटी कामगार बाळंतिणीस त्याआधीच घरी नेतो, कारण खाडा झाला की मजुरी बुडते. म्हणून आमचे मागणे दुहेरी आहे. घराघरांतून बाळाच्या कपड्यांतली डांबरगोळी जावी. आणि तिसऱ्या दिवशी मूल दाखविण्यासाठी बापास भरपगारी रजा मिळावी. मागण्यांच्या खलित्यात बोनसच्या कलमाखाली हे एक कलम लिहावयास किती शाई लागणार आहे?