मणक्यात ‘गॅप’ आलाय? मानेच्या जुनाट दुखण्याची कारणं आणि उपचार

एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘सर्व्हायकल स्पाँडिलोसिस’ हे शब्द दिसले की घरात लगेच चर्चा सुरू होते, ‘मणक्यात गॅप आलाय’. प्रत्यक्षात घडतं ते उलट. दोन मणक्यांमधली जागा वाढत नाही, कमी होते.

मानेत ७ मणके असतात आणि त्यांच्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं तोललेलं असतं. मणक्यांच्या मधली चकती गादीचं काम करते. वयानुसार तिच्यातलं पाणी कमी होऊन ती चपटी होते. मग मागच्या छोट्या सांध्यांवर भार येतो, तिथली कूर्चा झिजते आणि हाडाच्या कडा वाढू लागतात. हा झिजेचा संधिवात. लोक त्याला सर्रास ‘स्पाँडिलायटिस’ म्हणतात, पण अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस हा वेगळा, बहुधा तरुणपणी सुरू होणारा आजार आहे आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत.

झिजेचं मुख्य कारण वय. आनुवंशिकता, जुनी दुखापत, धूम्रपान, डोक्यावर ओझी वाहण्याचं काम यांनी तिचा धोका वाढतो. तासन्‌तास मोबाइलमध्ये मान घातली की स्नायू आखडतात आणि असलेलं दुखणं वाढतं.

साठीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत ही झीज दिसते आणि त्यातल्या अनेकांची मान अजिबात दुखत नाही. त्यामुळे उपचार रिपोर्टवरून नाही, लक्षणांवरून ठरतात.

नुसती मान दुखत असेल तर शेक, गरजेपुरती वेदनाशामक गोळी आणि व्यायाम एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. किडनीचा त्रास, बीपी किंवा अल्सर असलेल्यांनी मात्र दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. सगळ्यात टिकाऊ उपाय व्यायामाचा. तळहात कपाळावर ठेवून डोकं हातावर दाबायचं, पण मान हलू द्यायची नाही. ५ ते १० सेकंदांनी सोडायचं. मग हेच दोन्ही बाजूंनी आणि मागून. करताना कळ हातात उतरली तर थांबून फिजिओथेरपिस्टला दाखवावं. गळ्यातला पट्टा फार तर थोडे दिवस. महिनोन्‌महिने वापरला तर स्नायू दुबळे होतात. उशी सोडायची गरज नसते. कुशीवर झोपल्यावर मान पाठीच्या रेषेत राहील एवढी तिची उंची हवी.

सलूनमध्ये मान ‘कडकन’ मोडून घेणं मात्र बंद करावं. क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो.

कळ खांद्यातून बोटांपर्यंत जाते, मुंग्या येतात, तेव्हा बहुधा नस दाबली गेलेली असते. यातलेही बरेच जण औषधं आणि फिजिओथेरपीने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. हाताची ताकद कमी होत असेल तर थांबू नये. डाव्या हाताच्या दुखण्यासोबत छातीत दाब किंवा घाम असेल तर मानेचा विचार बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी. तापासोबत किंवा वजन घटत असताना मान दुखत असेल तर टीबीसारखी कारणंही शोधावी लागतात.

खरा धोका मज्जारज्जू दाबला जाण्याचा, आणि तो अनेकदा फारसा दुखत नाही. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, हातातून कप निसटतो, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटू लागतो. घरचे याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. अशा वेळी मालीश, ट्रॅक्शन यात दिवस न घालवता एमआरआय करून मणक्याच्या सर्जनला गाठावं. एरवी टाळलं जाणारं ऑपरेशन इथे बऱ्याचदा लागतं. अनेकदा ते गळ्याच्या पुढच्या बाजूने करतात. खराब चकती काढून दोन मणके जोडले जातात. पुढचं बिघडणं थांबवणं हा त्याचा मुख्य हेतू असतो. उशीर झाला असेल तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.