भाड्याच्या बंडीचा हिशेब

मंडळी, आज बोलायचे आहे ते राजेरजवाड्यांविषयी नव्हे, आणि लढायांविषयीही नव्हे. दुसऱ्याचा माल आपल्या बंडीत घालून गावोगाव पोचवणाऱ्या माणसाविषयी बोलायचे आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यात त्याला कोणी बंडीवाला म्हणे, कोणी धुरकरी. बैल त्याचे, बंडी त्याची, वैरण त्याची, आणि वाटेत आख मोडला तर तोही त्याचाच. मालवाल्याने द्यायचे ते फक्त भाडे. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात हा माणूस सापडत नाही. पण हिंगणघाटच्या कापसाचे नाव सातासमुद्रापार गेले, त्यातला पहिला मुक्काम याच्याच बंडीत झाला.

बंडीच्याही आधी तांडा होता. रस्ते नव्हते, नद्यांवर पूल नव्हते, आणि काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाक रुतले म्हणजे चार महिने ते निघायचे नाही. तेव्हा माल जाई बैलाच्या पाठीवर. बंजाऱ्यांचे तांडे शेकडो बैल घेऊन चालत. एका बैलावर अडीच-तीन मणांचे ओझे, आणि पुढे नाईक. १८०३ साली वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड येथे इंग्रजांच्या लढाया झाल्या, त्या मोहिमेतही फौजेला धान्य पुरवायला बंजारेच होते. आपल्याकडचा कापूस हे तांडे उत्तरेकडे मिर्झापूरपर्यंत नेत. तिथून तो गंगेतल्या नावांनी कलकत्त्याला जाई. मिर्झापूर इथून सुमारे पाचशे मैल. दिवसाला आठ-दहा मैल चाल धरली, तर किती दिवस लागले हे गुरुजींनी मुलांना विचारावे. पन्नास-साठ दिवस सहज! तेवढ्या दिवसांत कापसात धूळ शिरे, ओल लागे, वजनात फरक पडे.

पुढे रस्ते झाले तशी बंडी पुढे आली. कारण उघड आहे. दोन बैल पाठीवर मिळून सहा मण नेतील. तेच जुवाला जुंपले तर अठरा-वीस मण ओढतील. पण बंडीवाल्याला व्यापारी ओळखत नाही, आणि व्यापाऱ्याला वाटेवरची नाकी ठाऊक नाहीत. मग दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा राहिला. त्याचे नाव हुंडेकरी. हा व्यापाऱ्याकडून ठरीव रकमेला माल पोचवण्याचा मक्ता घेई. वाटेतली जकात, नाक्याचे देणे, सगळे त्याच रकमेत. त्या भाड्याला हुंडाभाडे म्हणत. आपल्या भाषेत हा शब्द आहे म्हणजे ही सोयही जुनी आहे, हे लक्षात घ्या. बहुतेक हुंडेकऱ्यांजवळ बैलांपेक्षा ओळखी जास्त असत. माल कोणाचा आणि बंडी कोणाची, हे त्याला ठाऊक. त्याचीच ती कमाई.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस इंग्लंडात पोचेनासा झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे आपल्याकडे वळले. १८६२ साली वर्धा हा नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला. कचेरी आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होती, १८६६ मध्ये ती वर्ध्याला आली. त्या चार-पाच वर्षांत कापसाचा भाव असा चढला, की काहींनी बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या अशी गोष्ट अजून सांगितली जाते. चांदीची धाव आपल्या रस्त्यावर किती मैल टिकेल हे लोहाराला विचारा! पण गोष्ट खरी धरा की खोटी, एक पाहा: पैसा आला म्हणजे इथल्या माणसाच्या मनात काय सजवायचे आले? तर बंडी. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि चांदी असलीच तर ती सोनाराकडे गेली.

मग आली आगगाडी. मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली १८५३ मध्ये. ती रेघ वाढत वाढत १८६७ साली नागपूरला पोचली. वर्धा नदीवर पूल बांधला गेला, आणि पुलगावचे नाव त्या पुलावरूनच पडले. आता बंडीवाला बुडाला, असे तुम्हांला वाटेल. लांब पल्ल्याचा तांडा बुडाला, हे खरे. बंजाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा त्या लोखंडी रुळांनी एका माणसाच्या हयातीत मोडला. पण बंड्या मात्र वाढल्या. आगगाडी काही शेताच्या बांधावर येत नाही. वेचलेला कापूस गावातून जिनात, जिनातून निघालेल्या गाठी ठेसनावर, हे सगळे बैलांनीच करायचे. हिंगणघाटला आणि पुलगावला कापडाच्या गिरण्या निघाल्या, तेव्हा हे काम आणखी वाढले.

आता खरे गणित ऐका. दिवाळीनंतर होळीपर्यंत कापसाचा हंगाम. त्याच दिवसांत शेतकऱ्याच्या बैलांना शेतात काम कमी. पण बैल काम नसले म्हणून खायचे थांबतो थोडाच? कडबा, सरकी, पेंड चालूच. तेव्हा शेतकरी म्हणे, बैल दावणीला उभे राहण्यापेक्षा चार खेपा मारू, मीठ-मिरचीचे पैसे निघतील. त्याला जे भाडे मिळे ते वरकड. म्हणून तो कमी भाड्यालाही तयार. पण ज्याला जमीनच नाही, ज्याचे पोट बंडीवरच, त्याला त्याच भाड्यात बारा महिन्यांची वैरण, धावा, वंगण, आणि चार-सहा वर्षांनी नवी जोडी, हे सगळे बसवायचे असे. दोघे जिनाच्या फाटकाशी एकाच रांगेत उभे, पण एकाची जोडकमाई दुसऱ्याच्या चुलीवर येई. यात शेतकऱ्याची चूक नाही. मात्र भाडे ठरवणाऱ्याला हा फरक चांगला कळत असे, हेही सांगून टाकतो.

दुसरी गोष्ट खोटीची. आपल्याकडे ‘बंडी खोटी झाली’ म्हणतात, म्हणजे खोळंबून दिवस वाया गेला. भाडे मिळते ते चाक फिरले तर. जिनापुढे रांगेत रात्र काढली, काट्यावर नंबर लागला नाही, हमाल जेवायला गेले, त्याचे पैसे कोण देणार? बोलीत आधी खोटीचे ठरवून घेणारा बंडीवाला शहाणा. पण रांगेत मागे दुसऱ्या वीस बंड्या उभ्या असताना असे ठरवायला छाती लागते. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हाच्याही बंड्यांच्या लांबच लांब रांगा आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. बंडीखाली घोंगडी अंथरून माणूस निजलेला, वर कापूस, बाजूला रवंथ करणारे बैल. लहानपणी आम्हांला ती जत्रा वाटे. ती खोटी होती, हे फार उशिरा कळले.

कायद्याचे काय? १८६५ सालीच वाहतूकदारांचा एक कायदा झाला. भाड्याने सर्वांचा माल नेणाऱ्याने तो हरवला, बिघडला तर जबाबदारी त्याची, हे त्यात आले. २००७ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. मालाची काळजी अशी लवकर घेतली गेली. माल नेणाऱ्याचा हात मोडला तर काय, हा प्रश्न त्या कायद्याच्या मनात नव्हता.

पुढचे थोडक्यात सांगतो. पुलगावहून आर्वीला अरुंद रुळांची छोटी गाडी होती. तीही आता बंद आहे. १९३९ च्या मोटार कायद्याने भाड्याच्या ट्रकला परवाना लागू झाला. ट्रकवाला आला, बंडीला रबरी टायर आले, मग ट्रॅक्टर आला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला, तो आपल्याच जिल्ह्यातून जातो.

आणि आता वर्ध्यात, हिंगणघाटात, आर्वीत पाठीवर मोठी पिशवी घेतलेली मुले तुम्ही पाहताच. मोटारसायकल त्यांची, पेट्रोल त्यांचे, फोन त्यांचा. पैसे मिळतात ते पोचवलेल्या पार्सलमागे. हुंडेकरी आता मोबाइलमध्ये बसला आहे. माल कोणाचा आणि गाडी कोणाची, हे आजही त्यालाच ठाऊक. नीती आयोगाने २०२२ साली अंदाज दिला, की २०२०-२१ मध्ये देशात अशी तात्पुरती, खेपेवारी कामे करणारे ७७ लाख लोक होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कामगारांची व्याख्या पहिल्यांदा आली, आणि कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग त्यांच्या निधीसाठी द्यावा असे ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती संहिता लागू झाली.

यात कॉलेजात जाणारा मुलगा असतो. त्याला संध्याकाळचे दोन तास पुरतात, मिळेल ते वरकड. आणि याच कामावर घर चालवणारा बापही असतो. मी एका तरुणाला विचारले, बाबा, महिन्याला उरते किती? तो म्हणाला, “गुरुजी, पेट्रोल जाऊन उरते ते सांगू की टायर-चेन जाऊन उरते ते?” आणि गिऱ्हाइकाने फोन उचलला नाही, दाराला कुलूप, वीस मिनिटे फाटकाशी उभे राहिला, त्याचे? तो हसला. खोटी हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. मी सांगितला तेव्हा म्हणाला, “आमच्या आजोबांची बंडी होती, त्यांना विचारायला पाहिजे होते, ते भाव आधी कसा ठरवायचे.”