बर्नर स्ट्रीट खून, १८८८ : साक्षीपुरावा

बर्नर स्ट्रीट खून : पूर्व लंडनमधल्या बर्नर स्ट्रीट या गल्लीत ३० सप्टेंबर १८८८ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, एलिझाबेथ स्ट्राइड या स्वीडिश स्त्रीचा गळा चिरून झालेला खून. त्याचा उलगडा आजवर झालेला नाही. ‘जॅक द रिपर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अज्ञात खुन्याच्या पाच बळींत तिचा क्रमांक तिसरा लावतात. मात्र गळ्यावरचा वार सोडला तर तिच्या शरीराची चिरफाड झालेली नव्हती, त्यामुळे हा खून त्याचाच की दुसऱ्या कोणाचा, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. या प्रकरणाचे महत्त्व त्यातल्या साक्षीदारांमुळे आहे. साडेबारा ते एक या अर्ध्या तासात त्या चिंचोळ्या गल्लीतून माणसांची ये-जा चालू होती, कोणी दारात उभे होते, कोणी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येत होते. त्यांच्या जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्या जुळवायच्या तर प्रत्येकाला वेळ कशावरून कळली आणि त्याचे बोलणे कोणी, केव्हा उतरवून घेतले, हे आधी पाहावे लागते.

स्थळ : बर्नर स्ट्रीट कमर्शियल रोडपासून दक्षिणेकडे उतरत असे. तिच्या पश्चिम बाजूला ४० क्रमांकाच्या घरात कामगारांचा आंतरराष्ट्रीय शैक्षणिक क्लब होता. सभासद बहुतांशी रशिया-पोलंडकडून आलेले ज्यू, विचाराने समाजवादी. क्लबला लागून लाकडी फाटकाचा एक बोळ आत जाई. आतल्या चौकाला डटफिल्ड्स यार्ड म्हणत. तिथे काही घरे होती आणि यिडिश भाषेतले ‘आर्बेटर फ्राइंट’ हे पत्र छापले जाई. फाटक रात्रीही बहुधा उघडेच असे. बोळात दिवा नव्हता, आणि क्लबच्या भिंतीलगतचा फाटकाजवळचा भाग पूर्ण काळोखात असे. त्या शनिवारी रात्री ज्यूंनी समाजवादी का व्हावे या विषयावर क्लबात चर्चा झाली, बहुतेक लोक घरी गेले आणि उरलेले वीस-तीस जण माडीवर गात बसले. खाली स्वयंपाकघर जागे होते, खिडकीही थोडी उघडी होती. किंकाळी मात्र कोणालाही ऐकू आली नाही.

मृत स्त्री : एलिझाबेथचा जन्म १८४३ मध्ये गोथेनबर्गजवळच्या टॉर्सलांडा गावचा. ती १८६६ मध्ये लंडनला आली आणि १८६९ मध्ये जॉन स्ट्राइड या सुताराशी तिचे लग्न झाले. १८७८ मध्ये टेम्स नदीत ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही आगबोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. आपला नवरा आणि मुले त्यात दगावली असे ती सांगे. जॉन स्ट्राइड प्रत्यक्षात १८८४ मध्ये वारला. दारिद्र्यात दिवस काढणाऱ्या परदेशी बाईने मदत मिळावी म्हणून ही कहाणी रचली असेल, तर त्यात नवल नाही. तिचे खरे जन्मनाव आणि जन्मगाव पुढे आले ते लंडनमधल्या स्वीडिश चर्चच्या कारकुनाच्या साक्षीतून, चर्चच्या नोंदवहीवरून. या प्रकरणातला सर्वांत निर्विवाद साक्षीदार तोच.

मृतदेह सापडला ती वेळ : क्लबचा कारभारी लुई डायमशुट्झ खोट्या दागिन्यांची फेरी करून तट्टाच्या गाडीने परत आला. बोळात शिरताच तट्टू डावीकडे बिचकले. त्याने चाबकाच्या दांड्याने चाचपून पाहिले, मग काडी ओढली. वाऱ्याने ती विझण्याआधी एक स्त्री पडलेली दिसली. कमर्शियल रोडवरच्या दुकानाच्या घड्याळात त्याने नुकताच एक वाजलेला पाहिला होता. डॉ. फ्रेडरिक ब्लॅकवेल आले तेव्हा त्यांच्या खिशातल्या घड्याळात १.१६ झाले होते, आणि मृत्यू होऊन वीस मिनिटे ते फार तर अर्धा तास झाला असावा असे त्यांचे मत पडले. म्हणजे खून १२.४६ ते १२.५६ यांच्या दरम्यान झाला. तिच्या डाव्या हातात तोंडाला सुवास यावा म्हणून चघळण्याच्या गोळ्यांची कागदी पुडी तशीच होती, आणि कोटाला नेच्याच्या पानांसह लाल गुलाब खोवलेला होता.

त्या दुकानातले घड्याळ आणि डॉक्टरचे घड्याळ, एवढे दोनच खुंटे या प्रकरणात भक्कम आहेत. ग्रिनिचची वेळ १८८० पासून ब्रिटनभर कायद्याने लागू होती, तरी दुकानांची घड्याळे मिनिटामिनिटाला जुळवलेली नसत आणि कष्टकऱ्यांपैकी बहुतेकांकडे घड्याळच नसे. दारूचे गुत्ते बंद होणे, पोलिसाची गस्त, चर्चचे टोले यांवरून ते वेळेचा अंदाज बांधत. एडवर्ड स्पूनर या घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसाची साक्ष यासाठी मुद्दाम वाचावी. डायमशुट्झ आरडाओरडा करत धावत आला तेव्हा तो त्याच्यासोबत बोळात गेला आणि त्याने मृत स्त्रीची हनुवटी उचलून पाहिली. हे सारे त्याच्या मते १२.३५ ला घडले! ते खरे धरले, तर तिचा जीव जाण्याआधीच तो तिच्या प्रेताजवळ उभा होता. स्पूनर खोटे बोलत नव्हता. गुत्ते मध्यरात्री बंद झाले, त्यानंतर किती वेळ गेला असेल याचा त्याने मनाने हिशेब केला आणि तो चुकला. बाकीच्या जबान्यांमधले ‘पाऊण वाजता’ हे शब्द वाचताना स्पूनरचा हा हिशेब आठवावा.

साडेबाराच्या आसपास : गस्तीवरचा शिपाई विल्यम स्मिथ याने १२.३० ते १२.३५ च्या सुमारास क्लबच्या समोरच्या बाजूला एक जोडपे पाहिले. बाईच्या कोटावर फूल होते, हे त्याने स्वतः सांगितले. पुरुष अठ्ठावीस वर्षांचा, सुमारे पाच फूट सात इंच उंच, डोक्याला गडद फेल्टची टोपी. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले अठरा इंच लांबीचे पुडके. शवागारात त्याने स्त्रीला ओळखले. स्मिथ रोज तीच वाट चालणारा, माणसे निरखणे हेच त्याचे काम, आणि फुलाची खूण त्याच्या बोलण्यात आहे. म्हणून एलिझाबेथ जिवंत दिसल्याच्या जबान्यांमध्ये त्याची जबानी सर्वांत विश्वासार्ह मानावी. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या विल्यम मार्शल या मजुरानेही पावणेबाराला तिला एका पुरुषासोबत पाहिले होते, पण खुनाच्या वेळेपासून ते फार दूर आहे. क्लबचा सभासद मॉरिस ईगल १२.३५ ते १२.४० च्या दरम्यान त्याच बोळातून आत गेला. त्याला काही दिसले नाही. मात्र अंधार इतका होता की तिथे काही नव्हतेच असे शपथेवर सांगण्याची त्याची तयारी नव्हती.

पाऊण वाजता, श्वार्त्झ : इस्राएल श्वार्त्झ हा नुकताच इंग्लंडमध्ये आलेला ज्यू. त्याला इंग्रजी येत नसे. ३० तारखेलाच त्याने दुभाष्यामार्फत पोलिसांना जबानी दिली. मुख्य निरीक्षक डॉनल्ड स्वॉन्सन यांनी १९ ऑक्टोबरच्या अहवालात तिचा सारांश दिला आहे. त्यानुसार १२.४५ च्या सुमारास फाटकापाशी उभ्या असलेल्या स्त्रीशी एक पुरुष बोलला, तिला रस्त्याकडे ओढू लागला, मग गर्रकन फिरवून त्याने तिला पदपथावर पाडले. ती तीनदा ओरडली, पण फार मोठ्याने नाही. श्वार्त्झ रस्ता ओलांडून पलीकडे गेला तेव्हा तिथे दुसरा एक माणूस पाइप पेटवत होता. पहिल्या माणसाने ‘लिप्स्की’ अशी हाक दिली. श्वार्त्झ चालू लागला. दुसरा आपल्या मागे येतो आहे असे वाटून तो रेल्वेच्या कमानीपर्यंत धावत गेला. हल्ला करणारा त्याने तीस वर्षांचा, पाच फूट पाच इंचांचा, रुंद खांद्यांचा, छोट्या तपकिरी मिशीचा आणि चुंचीची काळी टोपी घातलेला असा वर्णिला.

‘द स्टार’ या सायंदैनिकाच्या बातमीदाराने त्याला गाठून १ ऑक्टोबरला तीच हकिकत छापली, तीही दुभाष्यामार्फत. तिच्यात दुसऱ्या माणसाच्या हातातला पाइप जाऊन सुरी आली. एकाच माणसाची एकाच घटनेविषयीची ही दोन टिपणे आहेत. ज्याला ‘श्वार्त्झने जबानी बदलली’ म्हणायचे असेल त्याने दोन वेगळे दुभाषे, दोन वेगळे लेखनिक आणि खप वाढवण्याच्या चढाओढीत असलेले वर्तमानपत्र यांचा विचार आधी करावा. पोलिसांचे टिपण सावध आणि नीरस आहे. म्हणूनच ते अधिक भरवशाचे.

‘लिप्स्की’ या हाकेने गृहखात्याचेही लक्ष वेधले. इस्राएल लिप्स्की हा ज्यू तरुण मिरियम एंजल या स्त्रीच्या खुनाबद्दल ऑगस्ट १८८७ मध्ये फासावर गेला होता, आणि तो खून झाला होता बर्नर स्ट्रीटलगतच्या बॅटी स्ट्रीटमध्ये. ही हाक साथीदाराला मारली असेल तर खुनी दोघे, आणि एकाचे नाव लिप्स्की. निरीक्षक फ्रेडरिक अ‍ॅबरलाइन यांनी श्वार्त्झची कसून उलटतपासणी केली होती. हाक नक्की कोणाला उद्देशून होती हे त्याला सांगता आले नाही. फाशीनंतर त्या भागात ज्यूंना हिणवायला हे नाव वापरले जाई, श्वार्त्झचा चेहरामोहरा ज्यू असल्याचे दिसत होते, तेव्हा ती शिवी त्यालाच दिली असावी, असा अ‍ॅबरलाइन यांचा निष्कर्ष होता. त्या वस्तीची माहिती त्यांच्याइतकी फार थोड्या अधिकाऱ्यांना होती, आणि हा निष्कर्ष खोडून काढणारे काहीही नंतर पुढे आलेले नाही.

पाऊण वाजता, ब्राउन : याच वेळेची आणखी एक जबानी आहे. जेम्स ब्राउन कोपऱ्यावरच्या दुकानातून रात्रीचे जेवण आणायला निघाला होता. फेअरक्लो स्ट्रीटवर शाळेच्या भिंतीशी एक स्त्री आणि टाचांपर्यंत लांब कोट घातलेला पुरुष उभे होते. ‘आज नको, पुन्हा कधीतरी’ अशा अर्थाचे ती बोलली. ती मृत स्त्रीच होती याची त्याला जवळजवळ खात्री होती. फूल मात्र त्याच्या नजरेला पडले नाही. ब्राउन आणि श्वार्त्झ दोघांची वेळ अक्षरशः खरी मानली तर एलिझाबेथ एकाच क्षणी दोन ठिकाणी होती. फॅनी मॉर्टिमर या शेजारणीने वृत्तपत्राला दिलेल्या हकिकतीत, जवळच्याच आडव्या रस्त्यावर एक तरुणी आपल्या प्रियकरासोबत उभी होती आणि त्या तरुणीलाही काही ऐकू आले नव्हते, असा उल्लेख आहे. ब्राउनने पाहिलेले जोडपे तेच असण्याचा संभव मोठा आहे.

मॉर्टिमरबाईंची स्वतःची हकिकतही दोन रूपांत छापली गेली. एकीत साडेबारा ते एक हा जवळजवळ सगळा वेळ त्या ३६ क्रमांकाच्या दारात उभ्या होत्या. दुसरीत पोलिसाच्या जड पावलांचा आवाज गेल्यावर त्या बाहेर आल्या, दहाएक मिनिटे उभ्या राहिल्या, आत गेल्या आणि थोड्याच वेळात तट्टाच्या गाडीचा आवाज ऐकला. पहिले रूप खरे असेल तर श्वार्त्झने सांगितलेली झटापट त्यांना दिसायला हवी होती. दुसरे खरे असेल तर त्या दारात येण्याच्या थोडे आधी किंवा आत गेल्यावर ती होऊन गेली असेल. काळी पिशवी घेऊन झपझप जाणारा एक माणूस मात्र त्यांना दिसला, आणि लगोलग त्याच्याभोवती कहाण्या रचल्या गेल्या. तो लिऑन गोल्डस्टाइन होता. त्याने आपणहून लेमन स्ट्रीट चौकीत येऊन खुलासा केला : पिशवीत सिगारेटची रिकामी खोकी होती.

पॅकरची द्राक्षे : ४४ क्रमांकाचा फळविक्या मॅथ्यू पॅकर याने पहिल्या दिवशी सार्जंट व्हाइटला सांगितले की आपण कोणालाही पाहिले नाही. मग दोन खासगी गुप्तहेर आणि ‘इव्हनिंग न्यूज’चा बातमीदार त्याच्याकडे गेल्यावर त्याला आठवले की मृत स्त्रीला आणि तिच्यासोबतच्या पुरुषाला आपण अर्धा पौंड द्राक्षे विकली. वेळही त्याने फिरवली. मृत स्त्रीच्या हातात द्राक्षे असल्याची बातमी १ ऑक्टोबरलाच छापून आली होती. पॅकरची आठवण त्यानंतरची. डॉ. जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स यांनी शपथेवर सांगितले की मृत्यूपूर्वी कित्येक तासांत तिच्या पोटात द्राक्षाची साल वा बी गेलेली नव्हती. पॅकरची जबानी बाजूला ठेवावी. चित्रपट आणि कादंबऱ्यांनी ती द्राक्षे जिवंत ठेवली आहेत.

मृत्युचौकशी : संशयास्पद मृत्यूची उघड चौकशी करणारा कॉरोनर हा अधिकारी मुंबईकरांनाही परिचित होता; मुंबईत ते पद विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकले. बर्नर स्ट्रीट प्रकरणात कॉरोनर विन बॅक्स्टर यांनी केबल स्ट्रीटच्या व्हेस्ट्री हॉलमध्ये १ ते २३ ऑक्टोबरदरम्यान पाच बैठका घेतल्या. मेरी माल्कम नावाच्या बाईने मृतदेह आपल्या बहिणीचा असल्याचे ठामपणे सांगितले. खुनाच्या रात्री अंथरुणात आपल्याला चुंबनाचा आवाज आला, असेही तिने शपथेवर सांगितले. शेवटच्या बैठकीला ती बहीणच हजर झाली. जिवंत, आणि संतापलेली. मार्शल, स्मिथ आणि ब्राउन यांच्या वर्णनांतली साम्ये आणि भेद बॅक्स्टर यांनी समारोपात मांडले. ज्यूरीने अज्ञात व्यक्तीकडून खून असा निर्णय दिला.

श्वार्त्झ या बैठकांत उभा राहिल्याचे कोणत्याही वृत्तपत्रात नाही. तरी स्कॉटलंड यार्डचे सहायक आयुक्त रॉबर्ट अँडरसन यांच्या नोव्हेंबरमधल्या टिपणात त्याने चौकशीत दिलेल्या साक्षीचा उल्लेख येतो. त्याच रात्री पाऊण तासाने माइटर चौकात कॅथरिन एडोज हिचा खून झाला, तेव्हा जोसेफ लावेंडे या साक्षीदाराने पाहिलेल्या पुरुषाचे वर्णन शहर पोलिसांच्या वकिलाने चौकशीत उघड होऊ दिले नाही. श्वार्त्झबाबतही पोलिसांनी असेच केले असेल. त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता म्हणावे, तर त्याने दिलेले वर्णन १९ ऑक्टोबरच्या ‘पोलीस गॅझेट’मध्ये स्मिथ आणि लावेंडे यांच्या वर्णनांशेजारी छापलेले आहे.

जुळणी : स्मिथने पाहिलेले जोडपे, मग ईगलचे आत जाणे, मग श्वार्त्झने पाहिलेली झटापट, मग एक वाजता गाडी. हा क्रम लावला तर कोणालाही खोटे ठरवावे लागत नाही. फक्त ब्राउनचे जोडपे वेगळे मानावे लागते आणि मॉर्टिमरबाईंचा दारातला वेळ छोटा धरावा लागतो. ज्याने तिला पाडले त्यानेच गळा चिरला, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. स्वॉन्सन यांनीही तेव्हाच लिहून ठेवले आहे की झटापट आणि प्रेत सापडणे यांत पंधरा मिनिटे होती आणि तेवढ्यात तिला दुसरा कोणी भेटणे अशक्य नव्हते. तरी स्मिथ आणि श्वार्त्झ यांनी पाहिलेले पुरुष वेगळे असतील तर श्वार्त्झने पाहिलेला माणूस खुनी असण्याचा संभव अधिक. हातातली गोळ्यांची पुडी मात्र तिला नंतर दुसरा कोणी भेटल्याच्या शक्यतेला थोडा आधार देते. जमिनीवर आपटलेल्या बाईच्या मुठीत पातळ कागदाची पुडी टिकून राहणे कठीण. ती झटापटीनंतर, सावरल्यावर बाहेर काढली असेल, तर तेव्हा तिला लगेचच्या धोक्याची भीती वाटत नव्हती.

कागदपत्रे : या चौकशीची मूळ दप्तरे उरलेली नाहीत, साक्षी वाचायच्या त्या ‘द टाइम्स’, ‘डेली टेलिग्राफ’ आदी वृत्तपत्रांच्या वृत्तांतांवरून. पोलिसांचे आणि गृहखात्याचे उरलेले कागद क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत श्वार्त्झची मूळ जबानी नाही. पाऊण वाजता फाटकापाशी काय झाले याविषयीचे सारे लेखन आजही स्वॉन्सन यांच्या सारांशावर, अ‍ॅबरलाइन यांच्या टिपणावर आणि ‘द स्टार’मधल्या त्या एका बातमीवर उभे आहे.